आधी सानिकाची ज्वारी

कोल्हापुरातल्या मुलांच्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना सीलिॲक असतो, म्हणजे त्यांना गहू सोसत नाही. पोटात गेला की आतड्याला सूज येते, खाल्लेलं अंगी लागत नाही. त्याला गोळी नाही, औषध नाही. गहू जन्मभर बंद, एवढाच उपाय. आता खाण्याचा विषय निघाला की कोल्हापूरकर बोलणार, आणि तो बोलला की किस्सा होणार. आमच्या फायलींपेक्षा किस्सेच भराभर साठतात. संशोधनाच्या कागदांत त्यांना जागा नसते, म्हणून इथे सांगते.

*

आमच्या डॉक्टर केतकी मॅडम पुण्याच्या. या मुलांवर त्या संशोधन करतात, त्यासाठी प्रत्येक आईनं मुलाचं खाणं रोज लिहून आणायचं. काय खाल्लं, किती वाट्या खाल्लं. मापाची एक वाटी मॅडमच्या टेबलावर ठेवलेली असते. चंदगडच्या एका आईनं लिहिलं होतं, 'भात, एक वाटी.' हिशेबानं मूल अर्धपोटी निघत होतं आणि समोर तर चांगलं गुटगुटीत बसलेलं!

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी घरची वाटी घेऊन या."

बाईंनी पिशवीतून जे काढलं, त्यात आमच्या घरी चार माणसांची आमटी मावते.

"ही वाटी?"

"मग? तुमच्या टेबलावर हाय ती लोणच्याची न्हवं?"

तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याच्या घरच्या वाटीचं माप लिहिलेलं असतं. बाहेरून तपासायला आलेल्या एका मोठ्या डॉक्टरांनी "हे काय?" म्हणून विचारलं, तेव्हा मॅडम अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "लोकल व्हेरिएशन."

*

पेठ वडगावची सानिका तिसरीत होती, पण दिसायची बालवाडीतली. एसटीत कुणी "बालवाडीत का गं?" म्हटलं की ती फणकारायची, "तिसरीत हाय. पाढं म्हनू?" तिला घेऊन आजोबा यायचे, जुने पैलवान.

मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कुणाला हा त्रास आहे?"

"आमच्यात असलं काय न्हाय. तालमीतलं घर हाय आमचं."

"तरी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासावं लागेल."

आजोबांनी बाही वर सारली. "माझ्यापासनं सुरू करा." सुई दिसली मात्र, पैलवानांचा चेहरा पांढराफटक! सानिकानं त्यांचा दुसरा हात धरला.

"आज्जा, मुंगी चावल्यागत वाटतंय निस्तं. तिकडं बघू नगंस."

*

घरातल्या बाकी कुणाला काही निघालं नाही. पण 'गहू बंद' हे आजोबांनी फारच मनावर घेतलं. घरातला गहू पाहुण्यांना वाटून टाकला आणि गव्हाच्या रानात हरभरा पेरला. लग्नाच्या जेवणात ते मांडवात बसायचे नाहीत, सानिकाचा भात वेगळा निघेपर्यंत आचाऱ्यापाशी उभे राहायचे. बाजारच्या हिंगातसुद्धा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मी सांगितलं तेव्हा मात्र ते मटकन खाली बसले.

"हिंगात गहू? मग मान्सानं इस्वास ठेवायचा तरी कशावर?"

*

एवढं करूनही सहा महिन्यांनी सानिकाच्या रक्तातला, पोटात गहू जातोय का हे सांगणारा आकडा जागचा हलला नाही. वजनही तेवढंच. मॅडम म्हणाल्या, पुढच्या तपासणीतही उतरला नाही, तर आतडं तपासायला भूल देऊन तोंडातून पुन्हा नळी घालावी लागेल. सानिका मागच्या नळीला फार भ्याली होती. तिनं आजोबांच्या धोतराचा सोगा घट्ट धरला.

"जोतिबाचा गुलाल उचलून सांगतो," आजोबा म्हणाले, "घरात गव्हाचा दाणा न्हाय."

ते खोटं बोलत नव्हते आणि रिपोर्टही खोटा नव्हता. आपल्यावर संशय येतोय याचं म्हाताऱ्याला फार लागलं. मलाही वाईट वाटलं. मी म्हटलं, "मी घरी येऊन बघते."

*

घर बघितलं, डबे हुंगले, भाकरी-पिठलं खाल्लं. कुठेच काही नाही. एवढ्यात सानिकाची आई ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत निघाली आणि मीही बरोबर गेले. आमच्या आधी तीन डबे गव्हाचे! गहू संपला की त्याच जात्यात लगेच ज्वारी. म्हणजे पोरीच्या प्रत्येक भाकरीत शेजाऱ्यांचा गहू जात होता. मी धावत जाऊन डबा ओढला.

गिरणीवाले म्हादूमामा भडकले. "आवो बाई, पीठ मारतोय वाटलं व्हय तुमास्नी?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी गिरणी बंद केली. रांगेतल्या बायका ओरडायला लागल्या, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "म्हंजे पोरगी माझ्या दळनानं वाळाय लागलीया?" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

त्या आठवड्यापासून दर सोमवारी सकाळी ते जातं उघडून झाडतात. त्यावर थोडी ज्वारी दळून ते पीठ म्हशीला घालतात, आणि मग सानिकाचं दळण. सोमवारी दिवसभर गहू घ्यायचा नाही. एकदा एक बाई हट्टाला पेटल्या, "पावणं आल्यात, चपात्या कराय पायजेत."

"भाकरी घाला. न्हाय आवडली तर पावण्यास्नी माझ्याकडं धाडा."

*

पुढच्या तपासणीच्या निकालाला म्हादूमामाही आले. गिरणीतून थेट, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. सिस्टरनी आत बोलावलं तर ते अंगणातच थांबले.

"नगं. सकाळधरनं गहू दळलाय. आत समदी तसलीच पोरं हायत."

मॅडमनी रिपोर्ट उघडला. आकडा चांगलाच खाली आला होता. वजनही वाढलं होतं. आजोबांनी टोपी काढली आणि तिनंच डोळे पुसले. मला इतका आनंद झाला की मी मॅडमना मिठीच मारली.

सानिका खिडकीत चढली. "मामा, उतारला आकडा. नळी घालनार न्हाईत."

"बरी झालीस म्हन की. मग आता सोमवारी गहू लावू?"

मॅडम घाईनं खिडकीशी आल्या. "नाही हो मामा, हे जन्मभराचं आहे."

"जन्मभर?" म्हादूमामा म्हणाले. "बरं. मग ही लगीन हून ज्या गावाला जाईल, तिथल्या गिरणीवाल्याला मी सोता जाऊन सांगून येतो."