जाळी न दिसणारा पोपट

पिंजऱ्यातल्या पक्ष्याचा फोटो काढायची एक युक्ती आहे. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, पूर्ण उघडायचं आणि पक्षी मागं सरकेपर्यंत थांबायचं. तारा फोटोत उमटतच नाहीत. ही युक्ती मला सरांनी शिकवली. सर म्हणजे सांगलीतले निवृत्त प्राध्यापक, रविवारी पक्षी बघायला जाणाऱ्या आमच्या मंडळींचे म्होरके. माझ्या गळ्यातला कॅमेराही त्यांचाच. "माझे हात आता थरथरतात, तुझ्याकडं राहू दे," एवढंच म्हणाले होते.

मी सातवीतून शाळा सोडलेला. लोणंदच्या वरच्या माळावर आमची मेंढरं होती. त्यांच्यामागं गेलो तो पुन्हा वर्गात बसलोच नाही. आता कुपवाडच्या एका वर्कशॉपात ग्राइंडिंगवर आहे. लोणंदला इथून थेट रेल्वे आहे, पण सुट्टीच मिळत नसेल तर गाव लांबच. ग्रुपमधले बाकीचे डॉक्टर, वकील, बँकेतले साहेब. त्यांनी मला घेतलं याचं रोज नवल वाटायचं, आणि कधी काढून टाकतील याची रोज धास्ती.

खोली माधवनगरात, आक्कांच्या घरामागं. आक्का जैन, सत्तरीच्या, एकट्या राहायच्या. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम, आणि मी वेळेत पोचलो की माझंही ताट तयार. त्यांच्या मागच्या सोप्यात, पडवीत, पोपटाचा पिंजरा होता. पतंगाच्या मांज्यात पंख मोडून तो आठ वर्षांपूर्वी अंगणात पडला होता. त्याला एकच बोल यायचा, "गेट लाव!" आक्का येणाऱ्या-जाणाऱ्यावर तेच ओरडायच्या, त्यानं उचललं. सिलिंडरवाला बिचारा दोनदा मागं फिरून गेट लावून आला होता.

रविवारी माळावर वेड्या राघूसारख्या चिमुकल्या पाखरामागं तासन् तास बसूनही मला धड फोटो मिळायचा नाही. एका सकाळी मात्र सोप्यात कोवळं ऊन आलं, पोपटानं मान तिरकी केली आणि सरांची युक्ती जमली. मागं परसातल्या लिंबाची पुसट हिरवाई, गळ्यातला कंठ झळकतोय, जाळीचा पत्ता नाही. आक्कांना दाखवला.

"आगं बया! ह्यो झाडावर कवा बसला?"

"बसला न्हाई, आक्का. मी जाळी पुसली."

"मग खरीखुरीच पुस की रं!"

दोघंही हसलो.

दुपारच्या सुट्टीत तो फोटो मी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. पिंजऱ्यातले पक्षी टाकायचे नाहीत हा नियम मला माहीत होता, तरी टाकला. कौतुकाची भूक लय वाईट. वा वा झाली. एका डॉक्टरांनी विचारलं, "कुठं मिळाला?" मी लिहिलं, "माधवनगर." गावाचं नाव खरं होतं, तेवढंच.

सुट्टी संपायच्या आत सरांचा फोन आला. "शेपटीची टोकं झिजलीत त्याची, चोच वाढलीय. पिंजऱ्यातला ना?"

"व्हय, सर."

"अरे, देशी पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे. ग्रुपवर वनखात्यातलीही माणसं आहेत. काढून टाक आधी."

मला हे ठाऊक नव्हतं. दारोदारी पोपट बघत मोठा झालो होतो. फोटो काढून टाकला, पण बघणाऱ्यांनी बघितला होता. आता खात्याची गाडी दारात येणार, आक्कांना चार माणसांत जाब विचारणार, पोपट नेणार, आणि ज्यांचं अन्न खातो त्यांच्यावर हे सगळं माझ्यामुळं. तीन दिवस चाकावर लोखंड घासताना हेच डोक्यात. गल्लीत जीप वाजली की हातातला घास ताटात ठेवून मी दाराकडं बघायचो. आक्का विचारायच्या, "मीठ कमी पडलंय व्हय रं?"

चौथ्या दिवशी ताटावरच सगळं सांगून टाकलं.

आक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. मग बोलल्या, "तुला तीन दिस भ्या वाटलं. मी आठ वरसं भ्यालीया. मीटर बघाय माणूस आला तरी फडकं टाकती पिंजऱ्यावर."

"म्हंजे तुमाला ठाव हुतं?"

"पेपरात येतंय की. आन कायद्याचं सोड. मुनी म्हाराज दारी आहाराला आले हुते, तवा बी फडकं टाकलं. जनावर बांधून घालणं बी हिंसाच, हे बारकी असल्यापासनं ऐकलंय. मी हात जोडून हुबी, आन फडक्याखालनं ह्यो वरडला, गेट लाव!"

त्या हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. "उडता येत न्हाई, मांजर खाईल, म्हणून ठिवला म्हणती मी. ते हायच, खरं मलाच सोडवंना."

रविवारी मी सरांना घरी आणलं. त्यांनी पंख उघडून बघितला. "हा कधी उडणार नाही. पण वनखात्याच्या जखमी पक्ष्यांच्या केंद्रात मोठं जाळीघर आहे, दहा-बारा पोपट असतात. आपल्यातल्यांत राहील. आपणहून नेऊन दिला तर समजून घेतात, मी खात्याच्या साहेबांशी बोलून ठेवतो."

"त्याला आपल्यातलं कोण आठवत असंल का?" आक्कांनी विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार," सर म्हणाले.

मंगळवारी सकाळी आक्का माझ्या दारात उभ्या. "रजा टाक. रिक्षा बोलीव."

पिंजरा त्यांनी मांडीवर घेतला. फडकं घरीच ठेवलं. वनखात्याच्या ऑफिसात साहेब अर्ज भरत होते, तेवढ्यात पोपट ओरडला आणि शिपाई खरंच उठून गेट लावून आला. मी भिंतीला टेकून ग्रुपवर लिहिलं, "तो पोपट पिंजऱ्यातला होता. जाळी मी लपवली होती. नियम मोडला, माफ करा."

आक्का साहेबांना सांगत होत्या, "मिरची देठ काढून द्या. शेंगा कच्च्या. आन आभाळ गडगडाय लागलं की भितोय, जवळ बसून बोलत ऱ्हावं लागतंय."

साहेबांचं पेन थांबलं. "काय बोलायचं?"

"काय बी. बाजारभाव सांगितलं तरी चालतंय."

त्यांनी तेही अर्जावर लिहून घेतलं. आक्कांनी जाळीतून बोट घातलं, पोपटानं ते चोचीत धरलं, सोडलं. आम्ही बाहेर पडलो.

परतीच्या रिक्षात मी म्हणालो, "आक्का, मी दुसरी खोली बघतो. माझ्यामुळं गेला त्यो."

"तुझ्यामुळंच गेला. खरं जायाला पायजेच हुता." त्या रस्त्याकडं बघत होत्या. "आता तू बी जा. म्हंजे गडगडल्यावर मी भित्ताडाला भाव सांगत बसती."

मी रिक्षावाल्याला माधवनगरचं वळण दाखवलं.

"लोणंदला कांदा काय म्हंतोय?" त्यांनी विचारलं.

"ठाव न्हाई, आक्का."

"मग इचार की. मोबाईल हाय न्हवं?"

मी लोणंदला घरी फोन लावला, कांद्याचा भाव विचारला. पलीकडून आई म्हणाली, "आज बरा कांदा आठवला रं तुला!"