कोपऱ्यातलं कुसळ

दिगू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेलूबाजारला जीप भरायची वाट पाहत भजी खात होतो. ऐकलं, ‘बरं’ म्हणालो आणि उरलेली भजी संपवली. वर चटणीही मागितली. मग इंझोरीला, आमच्या गावी, जायचं सोडून भलत्याच जीपमध्ये बसलो... आणि शिरपूर आल्यावर उतरलो. आत काहीच हललं नव्हतं. अजूनही फारसं हललेलं नाही.

दिगू माझा शाळेपासूनचा दोस्त. तूर-सोयाबीन करायचा आणि उरलेल्या वेळात सिनेमे. कॅमेरा नव्हताच. भंगारातून आणलेल्या जुन्या फिती ब्लीचिंगच्या पाण्यात घासून काचेसारख्या कोऱ्या करायचा आणि त्यांवर गायरानातलं गवत, पळसाच्या पाकळ्या, मेलेल्या चतुरांचे पंख चिकटपट्टीनं बसवायचा. प्रोजेक्टर लावला की धोतराच्या पडद्यावर गायरान पळत सुटायचं. दर खेपेला त्यातलं थोडं झडायचं.

एकदा त्यानं मशीन माझ्या हाती दिलं. एक पंख इतका देखणा आला की मी फीत थांबवली. दिव्याच्या आचेनं पंखावर तपकिरी डाग पडला, पसरला, मग जळका वास.

“काहून थांबवलं बे?”

“नीट पाहून राह्यलो होतो.”

“लेका, चालू असतानाच पाहा लागते. थांबलं का जयते.”

तेव्हापासून माझ्याकडे एकच काम उरलं : फीत भरण्याआधी मशीनच्या तोंडात फुंकर मारून कचरा उडवायचा. तेवढं मला जमतं, असा आमचा दोघांचाही समज होता.

गेल्या साली गायरानावर सौर विजेच्या पाट्या आल्या आणि गवत गेलं. त्याआधी दिगूनं तिथल्या गवताची एक फीत केली होती. एकच. झडेल म्हणून ती त्यानं कधी लावलीच नाही. तेरवीनंतर वहिनींनी, दिगूच्या बायकोनं, त्या फितीचा डबा माझ्यापुढे ठेवला.

“भाऊजी, लावा.”

“अडकली तर सारं जाईन, वहिनी.”

“डब्यात तरी भुगाच होऊन राह्यला ना.”

खिडक्यांना पोती लावून भर दुपारी फीत सोडली. पवन्या गवत पळालं, मारवेल पळाला, कुठल्याशा फुलपाखराचा अर्धा पंख चमकून गेला... माझा हात बटणाकडे गेला. मागे घेतला.

फक्त एक कुसळ पडद्याच्या कोपऱ्यात पहिल्यापासून उभं होतं.

“ते काहून हालून नाही राह्यलं?” वहिनींनी विचारलं.

“मशीनच्या तोंडात अडकलं. फुंकर माराची राह्यली.”

फीत संपली. धोतरावर नुसता उजेड आणि ते कुसळ. मी उठलो, मशीनपाशी वाकलो, गाल फुगवले.

“राहू द्या,” वहिनी म्हणाल्या.