इचलकरंजीचा कान

एक बोट वर करायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "आधी ऐकू दे." कुठलीही वस्तू दुरुस्तीला आली की काकांचं पहिलं काम हे. समोर गिऱ्हाईक कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. शाळेचा लाउडस्पीकर असो, लग्नाच्या हॉलचा साउंड असो की माझा मिक्सर, आधी कान आणि मग स्क्रूड्रायव्हर.

माझ्या मिक्सरपाशी त्यांनी मला तीनदा बटण फिरवायला लावलं. मग म्हणाले, "मशीनला काही झालेलं नाही. भांडं पुरतं बसायच्या आत तू बटण फिरवतेस. ऑफिसची बस चुकेल म्हणून घाई करतेस ना?" मला भयंकर राग आला. घरी जाऊन भांडं नीट बसवलं, तर मिक्सर सुरू झाला. राग मात्र दोन दिवस टिकला.

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल. त्याचं खरं असतं, आणि म्हणूनच तो सहन होत नाही.

दुबईत अल मनखूलला आमच्या इमारतीत काका-काकू आमच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहत. काकांचं वर्कशॉप शारजाच्या औद्योगिक भागात होतं, एका बाजूला गिअरबॉक्सवाला पठाण आणि दुसऱ्या बाजूला सुतार. तिथे सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मूळचे ते इचलकरंजीचे. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. चोवीस माग एकदम धडधडत असताना त्यातला कुठला कुरकुरतोय हे वडिलांना दारातूनच कळायचं. "मला त्यांनी जमीन दिली नाही, घर दिलं नाही," काका म्हणत, "कान दिला." हे सांगताना त्यांची मान जरा ताठ व्हायची.

आणि या कानाने प्रेम कुणावर करावं? तर चार इंग्रजांच्या एका बँडवर. काका पहिल्यांदा इथे आले तेव्हा हॉटेलात साउंड सांभाळायचे. तिथल्या एका गोऱ्या इंजिनियरने जाताना त्यांना कॅसेटींचा डबा दिला. तेव्हापासून घरात सकाळी विष्णुसहस्रनाम आणि संध्याकाळी हे चौघे. त्यांचं गाणं ब्लूजच्या वळणाचं. गायक एक ओळ म्हणायचा, तीच पुन्हा म्हणायचा, मग गिटार तिला उत्तर द्यायची.

"एकच ओळ दोनदा का म्हणतात हो?" काकू विचारायच्या. "विसरतात का?"

"पहिल्यांदा सांगायची, दुसऱ्यांदा पटवायची. तू नाही का मला सगळं दोनदा सांगत?"

"मी चारदा सांगते, तरी पटत नाही," काकू म्हणायच्या. त्या बँडला त्यांनी नाव ठेवलं होतं 'तुमचे रडके गोरे'.

पुढे त्या गोऱ्यांचं आपसात बिनसलं. ड्रम वाजवणारा वारला. वर्षानुवर्षं नवीन रेकॉर्ड नाही. काकांनी आशा सोडली होती. आणि एके दिवशी जबल अली बंदरातल्या आमच्या ऑफिसात, जिथे मी मालाची कागदपत्रं बघते, लंडनहून आलेल्या वाद्यांच्या पेट्यांची यादी माझ्या टेबलावर आली. वर त्याच बँडचं नाव. उरलेले तिघे म्हातारे नवा ड्रमवाला घेऊन पुन्हा रेकॉर्ड करत होते, आणि गायकाने दुबईत घर केल्यामुळे इथल्याच स्टुडिओत.

एक पेटी वाटेत कुठेतरी आपटली होती. आत गिटारवाल्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. स्पीकरचा कागदी पडदा फाटलेला. त्यांचा मॅनेजर हवालदिल झाला. मी म्हटलं, माझ्याकडे माणूस आहे. मग जिन्यात जाऊन काकांना फोन केला.

"तू चेष्टा करत नाहीयेस ना?" ते एवढंच म्हणाले.

आता पुढचं सांगताना मला अजून वाईट वाटतं. काकांचा एक नियम होता: चालतंय त्याला हात लावायचा नाही. पण घरी मोठा पाहुणा येणार म्हटल्यावर आपण काय करतो? फरशी दोनदा पुसतो, रोजच्या बशा लपवतो आणि काचेच्या काढतो. काकांनी तेच केलं. फाटका स्पीकर काढून उत्तम नवा बसवला. मग म्हणाले, एवढं केलं तर बाकीचं तरी जुनं कशाला? आतले काचेचे व्हॉल्व्ह बदलले, बाकीचे पार्ट बदलले, गंजलेले स्क्रू बदलले. जुन्या घरघरीचा मागमूस ठेवला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी आधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी गिटारवाला स्वतः शारजाला आला. उंच, वाकलेला, बोटांच्या पेरांना सूज. पठाणाने दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत तो बसला, गिटार जोडली, एक सूर छेडला आणि मान कलती करून थांबला. मग हसून म्हणाला, "व्हेरी नाइस."

मला हायसं वाटलं. काकांचा चेहरा मात्र उतरला.

"व्हेरी नाइस म्हणाला," ते मला मराठीत म्हणाले. "घरी जेवायला बोलावल्यावर कोणी 'छान आहे हो' म्हणून वाटी बाजूला सारतो ना, तसं. भाजी बिघडलीय." आणि त्या माणसाकडे वळून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "सर, टेल मी ट्रू."

त्याने खरं सांगितलं. सावकाश, कुठेही न दुखवता. तरुणपणी तो भराभर वाजवायचा. आता बोटं वळत नाहीत. आता तो एकच सूर छेडतो आणि वाट बघतो. पुढचं सगळं तो जुना अ‍ॅम्प बोलतो. नवी रेकॉर्ड त्यावरच बेतलेली होती. आणि आता सूर स्वच्छ येत होता, पण लगेच विझत होता. मॅनेजर म्हणाला, सोमवारपासून रेकॉर्डिंग आहे, आपण दुसरा अ‍ॅम्प भाड्याने आणू.

काका सगळ्यांसमोर म्हणाले, "माय मिस्टेक. गिव्ह मी टुमारो." गिटारवाल्याने मान डोलावली.

तो गेल्यावर काका स्टुलावर बसून राहिले. "या माणसाच्या आवाजाच्या सोबतीने मी इथे दिवस काढले," ते म्हणाले. "आणि तो मीच घालवला." मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

नशीब एवढंच, की काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला परत द्यायचा ही त्यांची शिस्त होती. एकूण एक जुना पार्ट पिशवीत होता. रविवारी सकाळी मी डबा घेऊन गेले तेव्हा काकू आधीच तिथे होत्या. काका एकेक जुना पार्ट परत बसवत, गिटारवाला ठेवून गेला होता त्या गिटारची तार छेडत, डोळे मिटून ऐकत आणि मान हलवत. जुने ठेवले तर शॉक बसेल असे दोन पार्ट तेवढे त्यांनी नवेच ठेवले. दुपारपर्यंत आवाज पुष्कळसा जवळ आला, पण सूर अजून लवकर विझत होता. उरला फाटका स्पीकर. इतकी वर्षं वाजून त्याचा कागद मऊ पडला होता, आणि तो मऊपणा विकत मिळत नाही.

कागद सांधायचा तर हात स्थिर हवा. काकांचे हात त्या दिवशी थरथरत होते.

"सरका," काकू म्हणाल्या.

इमारतीच्या गणपतीला दरवर्षी मखराची कागदी फुलं काकूच करायच्या. त्यांनी पर्समधून पेअरच्या फळांभोवती गुंडाळलेला येतो तो पातळ कागद काढला. असले कागद त्या कधी टाकत नसत. पांढरा गोंद पाण्यात कालवला, कागदाच्या बोटभर पट्ट्या फाडल्या आणि फाटलेल्या रेघेवर एकावर एक अशा बसवल्या, की खालचा कागद जरासुद्धा ताणला गेला नाही. काका शेजारी श्वास धरून उभे. "जास्त गोंद नको," ते म्हणाले. "मला शिकवू नका," काकू म्हणाल्या.

चार वाजता गिटारवाला आला. बसला. एक सूर छेडला.

सूर निघाला, थोडा खरखरला, आणि मग थांबेचना. पत्र्याच्या छताखाली तो नुसता उभा राहिला. मला गाण्यातलं कळत नाही, मी नाट्यसंगीतावर वाढलेली, पण अंगावर काटा आला हे कबूल करते. या वेळी तो माणूस व्हेरी नाइस म्हणाला नाही. तो वाजवतच राहिला. सुताराने करवत बंद केली. पठाण हात पुसत दारात आला आणि म्हणाला, "वल्ला, उस्ताद!"

काकांनी काकूंकडे बोट दाखवलं. "उस्ताद ये है."

रेकॉर्ड आली तेव्हा सगळी इमारत काकांच्या हॉलमध्ये जमली होती. माझ्या मुलीने फोनवरून लावली. "इट्स सो स्लो," ती कुजबुजली, आणि तिसऱ्या गाण्याला तिने स्वतःहून आवाज वाढवला. थकलेला गायक, थोडेच सूर, मध्ये भरपूर जागा. पूर्वी काय होतो याची फुशारकी नाही, गेलेल्या ड्रमवाल्याची एक साधी आठवण, बस. इतक्या वर्षांनी परत यायचं तर असं यावं. काका ऐकत होते आणि रडत होते, आणि त्यांना कोणी रडके म्हणालं नाही.

मॅनेजरने काकांना खरी तबकडीही पाठवली होती. तिच्या वेष्टनावर पाठीमागे आभाराच्या शेवटच्या ओळीत दोघांची नावं होती, आधी काकूंची. काकांनी ते कोणाला दाखवलं नाही. काकूंनी मात्र ती तबकडी, घरात वाजवायला यंत्र नसताना, महिनाभर कापडी पिशवीतून फिरवली. भाजीवाल्यालाही दाखवली.

गेल्या वर्षी काका म्हणाले, "खलास. आता घरी." दोघं इचलकरंजीला गेले. वर्कशॉपच्या जागी आता टायरवाला आहे. तिसऱ्या मजल्यावर कोणी नवीन राहतं, त्यांचा आवाज येत नाही.

मागच्या महिन्यात त्या मॅनेजरचा मेल आला. बँड दौऱ्यावर निघणार होता आणि अ‍ॅम्प पुन्हा कुरकुरत होता. काका आता कुठे राहतात, एवढंच त्याने विचारलं. पंधरा दिवसांत पेटी माझ्यासमोर जबल अलीत होती, पुढचा पत्ता इचलकरंजी. झाकणावर गिटारवाल्याने स्वतःच्या वाकड्या अक्षरात मार्करने लिहिलं होतं, की ही पेटी फक्त या दोघांनीच उघडावी, आणि खाली काका-काकूंची नावं.

तपासणीचा तरुण अधिकारी ते वाचून थबकला. "ये कौन है?" त्याने मला विचारलं. "कोई बडा इंजिनियर?"

"नहीं," मी म्हणाले, आणि माझा आवाज का चढला ते मलाच कळलं नाही. "हमारी बिल्डिंग के काका-काकू हैं."