कोंडीच्या डोक्याचा फोटो

कोंडी माझी धाकटी जाऊ. मोखाड्याच्या अंगाला आमची घरं शेजारी-शेजारी. विहिरीवर घसरून ती डोक्यावर आपटली, म्हणून तिला नाशिकला नेऊन सिटी स्कॅनच्या मशीनमध्ये घातलं. येताना बाई मोठी काळी फिल्म घेऊन आली. तिच्यावर डोक्याचे कितीतरी फोटो! माझा मेलीचा जन्मात एक फोटो नाही.

दिरानं ती फिल्म कुडाच्या झरोक्याला लावली. मागून ऊन आलं की डोकी उजळायची. वावर गावाहून पाहुणे आले तरी आधी तेच बघायचे. "हा माझा मेंदू," कोंडी बोट ठेवून सांगायची. पाणी मात्र दोन्ही घरचं मी भरायची.

मीही जव्हारच्या डॉक्टरला सांगितलं, डोकं दुखतं. त्यानं नुसत्या गोळ्या दिल्या.

मी तोंड फुगवून बसले, तेव्हा कोंडीनं फिल्ममधला एक फोटो कात्रीनं कापून मला दिला. तोही पांढरा डाग असलेला, तिला नकोसा. तरी मी तो माझ्या दाराला लावला.

पुढे नाशिकला तिच्या तपासणीला मी सोबत गेले. माघारी कोंडीच्या घरचे काढून नेतील, म्हणून माझा फोटो पोलक्यात घातला होता. डॉक्टर फिल्म बघून चिडले. "रक्त साकळलेलं दिसत होतं, तो फोटो कुठाय?"

मी काढून दिला. बाकी फिल्म बाजूला सारून त्यांनी माझाच फोटो कितीतरी वेळ उजेडाला धरला.

बाहेर येताच कोंडीनं हात पुढे केला. "दे गं तो."

मी तो परत पोलक्यात घातला.