मांडीवरचा मॉनिटर

मुलाच्या कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि तापलेल्या धुळीच्या वासानं मला टेंभुर्णी-जालना बसमध्ये नेऊन बसवलं.

तेव्हा माझं कॉलेजचं काम आमच्या कॉम्प्युटरवर चालेना. नवा प्रोसेसर त्यात बसेल का, एवढंच दुकानात विचारायचं होतं. पण पेशंट नेल्याशिवाय डॉक्टर काय सांगणार, म्हणून माझ्या वडिलांनी, अण्णांनी, कॉम्प्युटरच्या डब्यासोबत मॉनिटरसुद्धा गोधडीत गुंडाळून घेतला.

दुकानदारानं डबा उघडून आतल्या बोर्डावरचा नंबर वाचला. "न्हाई बसणार. नंबर फोनवर सांगितला असता तरी चाललं असतं."

परतताना मी हिरमुसले होते. अण्णांनी मांडीवरच्या मॉनिटरची गोधडी काढली, काच खिडकीकडं फिरवली. "आलाच हाये तर बघू दे त्याला बी." काळ्या काचेत कपाशीची शेतं संथ वाहत राहिली.

आज मुलानं नव्या प्रोसेसरचं विचारलं, तर फोनवर तेच 'बसणार नाही' हे उत्तर क्षणात मिळालं. वाटेत एकही शेत लागलं नाही.