पितरातली नवमी

पुसेगावच्या गुलाम नबीनं जन्मभर तलवारींना धार लावली, पण गल्लीत भांडण पेटलं की घरात शिरून आधी कडी लावणारा हाच! शिकलगारकी बापाकडून आलेली. दर भादव्यात गढीवरच्या जुन्या तलवारी, भाले त्याच्याकडे घासायला येत आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गढीच्या मनकर्णाबाई त्याच्या दारात ओवाळून ती हत्यारं परत नेत. त्याआधी हत्यार हलवायचं नाही, असा रिवाज होता.

अठ्ठेचाळीस साली हत्यारं घरात असतानाच निजामाचं राज्य गेलं आणि भारताचं लष्कर गावात आलं. दवंडी पिटली: हत्यारं जमा करा, उद्या झडती. मुसलमानाच्या घरात तलवारींचा ढीग! आपण रझाकार नाही हे कुणाला पटवणार? गुलाम नबीच्या तोंडचं पाणी पळालं.

"विहिरीत टाका," बायको अमिनाबी म्हणाली.

"लोकाची अमानत हाय. अन् घेऊन निघालो तर वाटंतच गोळी घालतील."

शेवटी अमिनाबीच गढीवर धावली. ऐकून मनकर्णाबाई भडकल्या, कुणावर ते त्यांनाही कळेना. त्यांनी ओवाळणीचं ताट घेतलं, हलगीवाला बोलावला, आळीतल्या बाया गोळा केल्या.

"बाई, पितर चालू हायेत," भटजी कळवळले.

"पितरं समजून घेतील. त्यायच्याच तलवारी हायेत."

गुलाम नबीच्या दारात ओवाळून बायांनी हत्यारं डोक्यावर घेतली आणि हलगीच्या तालावर शिपायांसमोरून गढीकडे निघाल्या. अधिकाऱ्यानं अडवलं.

"आमच्या घरची हत्यारं हायेत," बाई म्हणाल्या आणि मागून येणाऱ्या गुलाम नबीकडे बोट केलं, "अन् हे आमचे शिकलगार. सासऱ्यायच्या येळेपासून."

अधिकारी गोंधळला, मग हसला. धार मोडून भिंतीवर टांगा, म्हणाला. धार मोडली गुलाम नबीनंच. बापानं पाहिलं असतं तर चामडी लोळवली असती. पण त्याचा जीव इतका हलका कधी झाला नव्हता. गढीच्या देवडीत हत्यारं टांगली गेली. आसपासच्या गावांहून लोक ती बघायला येऊ लागले आणि कुठली कोणत्या लढाईतली हे सांगायला नबीच उभा. थोडं पदरचंही सांगायचा.

खरी नवमी आली. यंदा दारात ओवाळायला हत्यारं नव्हती, म्हणून तोच देवडीत गेला. मनकर्णाबाई ताट घेऊन उभ्याच होत्या. तो भिंतीपासून बाजूला सरकला.

"तिकडं काहून चाललात, नबीभाऊ? हत्यारायचं पितरातच झालं," त्या म्हणाल्या. "आज तुमचं राह्यलंय. बसा पाटावर."

गुलाम नबी बसला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला.