चौकातले काचेचे दुकान

गोंदिया, मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. सकाळी चांगलीच थंडी. पेटीतून स्वेटर काढला, उन्हात टाकला. वांग्याची भाजी थोडी करपली. दूधवाल्या जागेश्वरला सांगून ठेवले की पहिल्या तारखेपासून अर्धा लिटरच दूध घालावे, वरची चेतना नागपूरला जाईलसे दिसते. तो म्हणाला, "डाक्टरीण जाऊन राहिली का? मंग माही दाढ कोन पाहील?" दुपारी चेतनाचे वडील नव्या धानाचे तांदूळ देऊन गेले. चेतना जेवली नाही.

रोजच्या नोंदीत मी इतकेच लिहिते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर झोपण्यापूर्वी आधी दात आणि मग डायरी तपासत. लग्न होऊन गोंदियाला आले, हे रेल्वेत गार्ड होते, ते गेले, तरी दोन्ही सवयी टिकल्या. पण चेतनाबद्दल चार ओळींत भागणार नाही, म्हणून हे सविस्तर.

डॉक्टर चेतना रहांगडाले माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. दवनीवाड्याची मुलगी, वडील देवचंदजींची धानाची शेती. तिला माणसे चेहऱ्याने लक्षात राहत नाहीत, दातांनी राहतात. "आजी, तो आला होता, वरचा पुढचा तुटलेला," असे ती सांगते आणि मी ओळखायचे की गॅसवाला. माझ्याकडे खोली बघायला आली तेव्हा भाड्याची गोष्ट निघण्याआधीच म्हणाली, "आजी, तुम्ही हसा बरं एकदा." मी हसले. "छान ठेवलेत हो," म्हणाली, आणि मला वाटते त्याच क्षणी मी तिला खोली दिली.

गोंदियात ती दुसऱ्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात काम करायची. तिथे दिवसभर दात साफ करायचे आणि फोन उचलायचे. तिला स्वतःचा दवाखाना हवा होता. आता नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्याने बोलावले होते. पगार बरा, खोली गार, काम पुन्हा तेच, दुसऱ्याच्या हाताखाली. रविवारपर्यंत हो की नाही कळवायचे होते. देवचंदजींचे म्हणणे सरळ होते. "रविवारपर्यंत जागा ठरली तं मी तुह्या मांगं उभा हाय. नाही ठरली तं नागपूरले जा. घरी बसून का करशीन?"

आता जागा काही झाडाला लागत नाहीत. गोंदियाच्या मोठ्या रस्त्यावर आम्ही दोघी हिंडलो. मला चालायला डॉक्टरांनी सांगितलेच आहे. तिथे एकाच रांगेत दातांच्या इतक्या पाट्या होत्या की सगळा रस्ताच आपल्याकडे बघून हसतो आहे असे वाटले. दवनीवाड्यात तिचे घर होते, ओसरी होती, पण ती म्हणाली, "गावात मी अजून चेतूच आहे. एकदा बकाराम काकांचा दात पाहायला गेले, तर त्यांनी माझाच कान धरला आणि विचारलं, शेंबूड पुसला का वं?"

राहिला तिरोडा. तिथे तिचा मामेभाऊ खुशाल राहतो. आसपास गावे, वीज प्रकल्पाची वस्ती, येण्याजाण्याला रेल्वे. मुन्नालाल नावाच्या दलालाने चौकातले एक दुकान दाखवले. पुढचा सगळा भाग काचेचा. "मॅडम, चौक है चौक! इधर का आदमी उधर जाएगा तो आपका बोर्ड देख के ही जाएगा," असे म्हणत त्याने काचेवर इतक्या प्रेमाने हात फिरवला की त्याच्या बोटांचे ठसे उठले. काचेसमोर रस्त्यापलीकडे खर्ऱ्याची टपरी होती. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटण्याचे काम तिथे अखंड चालू. लाकडी बाकावर माणसे बसलेली, सगळ्यांचे गाल एका बाजूने फुगलेले.

चेतना ती टपरी पाहून खूश झाली. "आजी, हे बघा ना! माझे सगळे पेशंट आधीच येऊन बसलेत. फक्त रस्ता ओलांडायचा आहे."

मलाही ते पटले. मी काही दातांची डॉक्टर नाही, पण मिठाईच्या दुकानासमोर बसलेली मुले मिठाई घेतात एवढे मला कळते. तरी मी म्हटले, "एक दिवस बसून बघ. साडी घेतानासुद्धा आपण अंगावर टाकून बघतो." मुन्नालालने कुरकुर करत शनिवारची किल्ली दिली. चेतनाने एक कागद चिकटवला: आज दातांची मोफत तपासणी.

शनिवारी सकाळच्या लोकलने आम्ही गेलो. वीज प्रकल्पाची धुराडी दिसू लागली तशी चेतनाने पिशवीतले आरसे आणि हातमोजे पुन्हा एकदा मोजले. दुकानात खुर्ची नव्हती. खुशालने शेजारच्या सलूनमधून दाढीची खुर्ची उचलून आणली, ती मागे रेलतेही. खुशाल म्हणजे मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. घरातला थोरला. त्याने टपरीचे बाकडेच ताब्यात घेतले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारू लागला. "ओ भाऊ! माही बहीण हाय डाक्टर! या, फुकट हाय, दात पाहून घ्या!"

गडीमाणसे आली. पहिला बसला तो तोंडात खर्रा घेऊनच. चेतना म्हणाली, "काका, आधी थुंकून या."

"आत्ताच तं टाकला, बाई. अर्धा घंट्यानं पाहा ना."

दुसऱ्याचे तोंड उघडले तेव्हा काचेला बाहेरून चारपाच नाके चिकटली. "अबे, याची अक्कलदाढ पाहा!" "अक्कल नाही तं दाढ कुठून येईन?" आतला माणूस तोंड उघडे ठेवूनच शिव्या देऊ लागला आणि चेतनाचा आरसा त्याच्या जिभेखाली अडकला. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून हसत होते, पण ती हसत नव्हती. थोड्या वेळाने पाहते तो ती काचेतून बाहेरच बघते आहे.

"आजी, बाया येत नाहीत."

खरेच. भाजीची पिशवी घेऊन बाया येत, कागद वाचत, एकदोघींनी तर गालाला हातही लावला. मग टपरीकडे नजर जाई, पदर डोक्यावरून आणखी पुढे येई, आणि पाय झपाझप पुढे. चेतनाने दारात जाऊन एकीला बोलावले. ती "येतो ना बाई, येतो" म्हणत गेली ती गेलीच.

मग प्रेमिला आली. प्रेमिला ही चेतनाची मामेवहिनी, खुशालच्या धाकट्या भावाची बायको. तिची दाढ महिनाभर ठणकत होती, रोज फोनवर चेतनाला सांगायची. आज सगळ्यात आधी तिलाच पाहायचे ठरले होते. ती दारापर्यंत आली. चेतनाने खुर्ची पुसली. खुशालने बाकावरून जोरात हात केला, म्हणजे जा, जा, आत जा. प्रेमिलाने पदर ओढला, वळली, आणि शेजारच्या गल्लीत दिसेनाशी झाली.

चेतनाचा चेहरा उतरला. "घरचीच माणसं अशी, तर बाकीच्यांचं काय?" ती म्हणाली. "आजी, माझ्यावर त्यांचा भरोसाच नाही. जाते मी नागपूरला." तिने हातमोजे काढून पिशवीत टाकले. मी म्हटले, "जा, पण आधी चल, तिला विचारून तर बघू."

गल्लीत थोड्या अंतरावर अंजू नावाच्या बाईचे ब्लाउज शिवायचे दुकान आहे. दाराला फुलांचा पडदा. आत प्रेमिला पलंगावर बसून गालाला हात लावून रडकुंडीला आलेली.

"वहिनी, काऊन पळाली तू?" चेतनाने विचारले. घरच्या माणसाशी बोलताना तिचीही बोली बदलते.

"मंग का करू? माहे भासरे समोर बसून राहिले ना!" भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, खुशालच. "त्याहीच्या समोर मी खुर्चीवर उताणी पडू? डोक्यावरचा पदर मांगं, तोंड वासलेलं? अन् काचेतून सारा चौक पाहून राहिला!"

"खुशालदादा? अगं, तो तं माह्यासाठीच बसला तिथं!"

"तुहा दादा हाय. माहा भासरा हाय." प्रेमिला दाढेचे दुखणे विसरून सरळ बसली. "तू घरची लेक. तुले का मालूम? तुनं कधी पदर घेतला का कोनासमोर? त्या बाकावर बसते ना, तो हर एक गडी कोनाचा तरी भासरा हाय, नाही तं मामासासरा. काऊन येतीन बाया?"

चेतना माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. गावात वाढलेली ही मुलगी, पण बापाच्या घरी, उघड्या डोक्याने सायकल उडवत वाढलेली. आणि माझ्या सासरी तर सासूबाईच म्हणायच्या की पदर राहू दे, आधी भाकरी बघ. त्या बाकावर नुसते पेशंट बसले आहेत असे वाटणाऱ्या आम्ही दोघीच.

"बरं, ते राहू दे. आता आ कर," चेतना म्हणाली. पडदा ओढला. अंजूने शिलाई मशीनचा दिवा वाकवून धरला. प्रेमिलाने इतके मोठे तोंड उघडले की शेवटची दाढसुद्धा मला दिसली. तेवढ्यात माप द्यायला आलेली एक बाई म्हणाली, "माही पन पाहून घे ना, बाई." तिच्यामागून दुसरी. अंजूचे गिऱ्हाईक म्हणजे बायाच बाया. दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. एक म्हातारी हळूच कबूल झाली की ती रोज सकाळी गुडाखू घासते, ती तंबाखूची काळी पेस्ट, आणि लगेच म्हणाली, "माह्या पोराले नको सांगजो वं." दुसरी म्हणाली, "पोरगा तं तुहीच डबी चोरते." हसून हसून अंजूच्या हातातला दिवा हलला आणि चेतना ओरडली, "सरळ धरा ना, ताई!" हा आवाज मी सकाळपासून ऐकला नव्हता.

अंजूच्या दुकानाला लागून एक कुलूपबंद खोली होती. पूर्वी तिथे गावोगावचे दूध गोळा करत, ते बंद पडले. चेतनाने खिडकीतून डोकावून पाहिले आणि माझा हातच धरला. भिंतीला पांढऱ्या फरशा, नळ, मोरी, पाणी वाहून जायला उतार, यंत्रांसाठी जाड वायर. दातांची मोठी खुर्ची सहज आत जाईल असे रुंद दार. अंजू म्हणाली, "खोलीचा मालक माह्याच घरचा हाय, चाबी देतो."

एवढ्यात खुशाल आणि मुन्नालाल आम्हाला शोधत गल्लीत आले. मुन्नालालने कपाळाला हात लावला. "मॅडम! चौक छोड के गली में? बोर्ड किसको दिखेगा?"

खुशाललाही ते मानवेना. "काऊन वं चेतना? कोनं काही म्हटलं का? नाव सांग, पाहतो मी त्याले."

चेतना पडद्याकडे वळली. भावाला कसे सांगायचे की तूच तो? तेव्हा पडद्याआडून प्रेमिलाचा आवाज आला. भासऱ्यांशी ती थेट बोलत नाही, पण गल्लीला ऐकू जाईल असे बोलली. "चेतनाबाई, सांग तुह्या दादाले, ते समोर बसले तं घरच्या सुना तोंड कशा उघडतीन?"

खुशालने पडद्याकडे पाहिले नाही. वर पाहिले, खाली पाहिले. "हात् तिच्या," म्हणाला. मग चेतनाला म्हणाला, "तिले सांग, मी त्या बाकावरून उठून जातो ना. रोज दुसरीकडं बसन."

पडद्याआडून उत्तर तयार होते. "सांग त्याहीले, ते उठतीन तं दुसरीचा भासरा येऊन बसन."

आत सगळ्या बाया हसल्या. खुशालही हसला, तंबाखूने रंगलेले दात दाखवत. "मंग गड्याहीचं का? आम्ही का गल्लीत यावं?"

"तुम्ही तं फुकट असलं की विहिरीतही उतराल," चेतना म्हणाली. "या ना. पण थुंकून या."

तिने तिथूनच देवचंदजींना फोन लावला. ते शेतात मळणीवर होते, यंत्राच्या आवाजात आधी त्यांना चौकच ऐकू आला, मग गल्ली. "गल्लीत? काऊन?" तिने सगळे सांगितले. त्यांनी कोणाला तरी मळणीयंत्र बंद करायला सांगितले. मग ते म्हणाले, "तुही माय दात दुखला तं दोन वर्स लवंग धरून बसली होती. मले वाटे, भेते." आणि लगेच, "ठरव ते जागा. उद्या मी येतो पाहाले."

परतीच्या लोकलमध्ये खिडकीशी जागा मिळाली. चेतनाने नागपूरला फोन केला. "सर, मला जमणार नाही. माझा दवाखाना ठरला... तिरोड्याला... नाही, चौकात नाही. ब्लाउजवालीच्या बाजूला." पलीकडचे काय म्हणाले कळले नाही, पण ती "हो सर, ब्लाउज" असे पुन्हा म्हणाली आणि फोन ठेवून ओढणीत तोंड घालून हसली.

मी विचारले, "मग आता खुशालकडेच राहशील?"

"छे! खुशालदादा सकाळी ब्रश करायच्या आधी पेशंट आणून बसवेल. लोकल आहे ना, आजी. जाईन, येईन." मग जरा सावधपणे माझ्याकडे बघत, "खोली कोणाला दिली तर नाही ना तुम्ही?"

"बघणारे आले होते," मी म्हटले. हे खोटे होते. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, म्हणजे दातांकडेच, आणि मान हलवून बाहेर बघू लागली.

शनिवार, १५ नोव्हेंबर. घरी येईपर्यंत अंधार. खिचडी टाकली, चेतनाने दोनदा घेतली. जागेश्वरला फोन केला: दूध कमी करू नये, एक लिटरच घालावे.